झाड ओळखणारं अ‍ॅप घ्यावं का? वसमत रोडच्या अंगणातून

आधी निकाल सांगून टाकतो. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. अंगणातल्या अनोळखी झाडाचं नाव काढायला प्लांटनेट हे फुकटचं अ‍ॅप पुरतं. वर्षाची वर्गणी मागणारं दुसरं एक अ‍ॅपही मी वापरलं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, पण परभणीत राहून बाग करणाऱ्यानं त्याच्यावर पैसे घालू नयेत असं माझं मत आहे. आणि नाव कळल्यावर ते झाड इथल्या मातीत जगवायचं कसं, हे दोघांपैकी एकालाही विचारण्यात अर्थ नाही.

माझं मेडिकल आहे. दुकानात लोक येतात, गोळीचं रिकामं पाकीट पुढं करतात नि विचारतात, "ही कशाची हो?" पाकिटावरचं वाचून मी सांगतो. पण किती घ्यायची, जेवणाआधी की नंतर, बी.पी.वाल्याला चालते का, हे त्या पाकिटावर नसतं. अ‍ॅपचंही तेच आहे. नाव बरोबर निघालं म्हणून डोस बरोबर निघत नाही.

वसमत रोडला आम्ही घर घेतलं ते एका सेवानिवृत्त साहेबांचं. माणूस हौशी. दिसेल तिथून फांदी आणायची, जागा मिळेल तिथं रोवायची. पोरगा पुण्याला घेऊन गेला, घर विकलं आणि झाडं आमच्या पदरात पडली. कुठं काय लावलंय याची ना चिठ्ठी ना पाटी. कुंपणाला वेल, पायरीशी कुंड्या, मागं न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं काहीबाही. गोकर्ण, कर्दळ, सदाफुली, जास्वंद ही कुणालाही ओळखू येतात. उरलेल्यांसाठी फोन बाहेर काढला.

प्लांटनेट हा फ्रान्समधल्या संशोधन संस्थांचा प्रकल्प. 2009 च्या सुमारास सुरू झाला, फोनवर 2013 मध्ये आला. पैसे लागत नाहीत. फोटो पानाचा आहे, फुलाचा, फळाचा की सालीचा, हे त्याला सांगता येतं. एकाच झाडाचे तीन-चार फोटो एकदम देता येतात, आणि आपल्याकडचा प्रदेश निवडला तर युरोपातली झाडं मधेमधे येत नाहीत. मग ते नावांची उतरंड पुढं ठेवतं, प्रत्येक नावापुढं खात्रीचा आकडा. मला आवडला तो हा आकडा. फूल असलेल्या गोकर्णाला तो 90 च्या वर जातो. नुसत्या पानावर ओळखायला लावलं की 20-25 वर येतो. म्हणजे ते आपणहून सांगतं की बाबा, हा अंदाज आहे, तू पुढं तपास. नावाखाली लोकांनी पाठवलेले त्या झाडाचे फोटो असतात. ते एकेक उघडून आपल्या झाडाशी ताडून बघायचं. पहिलं नाव दिसलं की फोन खिशात घालणाऱ्यांनी हे अ‍ॅप वापरू नये.

फोटो काढायची मात्र एक पद्धत आहे. पान तोडून तळहातावर ठेवून काढू नका. फांदीवर पानं समोरासमोर येतात की एकाआड एक, हे फोटोत दिसलं पाहिजे, कारण अर्धी ओळख तिथंच पटते. पानाची खालची बाजूही घ्या. मागं दुसरं झाड येऊ देऊ नका; मी दुकानातल्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा मागं धरतो. वेळ सकाळी आठच्या आतली. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये दहा वाजताच असं ऊन होतं की पांढरं फूल फोटोत नुसता ठिपका दिसतं. मान टाकलेल्या पानाचाही उपयोग नाही, त्याचा आकारच बदललेला असतो. खरं तर मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत, नवी पालवी आली की काम सोपं होतं.

आता पैशाच्या अ‍ॅपचा नमुना बघा. मागच्या भिंतीशी पुरुषभर उंचीचं झुडूप होतं. पानं समोरासमोर, खरखरीत, कोवळी फांदी चौकोनी, फूल नाही. प्लांटनेटनं कमी कमी आकड्यांची नावं दिली, त्यात पारिजातक होता. पैशाच्या अ‍ॅपनं छातीठोकपणे घाणेरी सांगून टाकलं आणि वर सल्ला दिला की हे पसरणारं तण आहे, उपटून टाका. आई ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. ती जिंतूरकडची, लहानपण शेतात गेलेलं.

"फोटो कशाला काढायलास? पान चुरगाळून वास घे की."

घेतला. म्हणावा असा वास नाही.

"घाणेरी असती तर हात धुवायला पळाला असतास. आता अंगठ्यावर घासून बघ."

अंगठा खरडला. पारिजातकाचं पान असंच असतं. पूर्वी लाकूड घासून गुळगुळीत करायला हीच पानं वापरत. श्रावण सरता सरता सकाळी भिंतीखाली केशरी देठांचा सडा पडायला लागला आणि वाद मिटला. उपटलं असतं तर बसलो असतो.

फोटोत वास येत नाही, चीक येत नाही, खरखर येत नाही. जुनी माणसं झाड ओळखतात ती नेमकी यावर. पावसाळ्यात आमच्या फरशीच्या फटीत घोळ उगवते आणि शेजारीच तिच्यासारखी जमिनीला चिकटून पसरणारी दुधी. लांबून फोटो काढला तर दोन्ही सारख्याच. देठ मोडायचा, पांढरा चीक आला तर ती भाजी नव्हे. यासाठी इंटरनेट लागत नाही. ओव्याच्या पानांचंही तसंच. भजी करतो ती जाड, लवदार, वासाची पानं. अ‍ॅप त्यांना ओव्याहून वेगळं नाव देतं, आणि ते बरोबर आहे. फोडणीतला ओवा ज्याच्या बिया असतात ते झाड निराळं, शेपूसारख्या बारीक पानांचं. आईला मात्र हे अजून पटलेलं नाही.

प्लांटनेटचं सगळ्यात मोठं काम झालं ते मोसंबीच्या बाबतीत. बोअरशेजारी काटेरी झाड आहे. शेजारी सांगायचे, साहेबांनी जालन्याहून मोसंबीचं कलम आणलेलं, पण फळ आंबट निघालं. फळ बघितलं तर साल खडबडीत, रंग पिवळा, रस कमी, चव लिंबाची. शेजाऱ्यांचा उपाय ठरलेला: मुळाशी गुळाचं पाणी घाला, गोडी उतरेल. मी पान, काटा आणि फळ असे तिन्ही फोटो दिले. उत्तरं लिंबाच्याच कुळातली आली, पण वरच्या नावांत मोसंबी नव्हती. खडबडीत सालीचं लिंबू होतं.

ते नाव घेऊन मी गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेलो. तिथं कलमं बांधणारे एक मामा आहेत. त्यांनी फळाच्या फोटोकडं बघितलंसुद्धा नाही.

"भाऊ, बुंध्याचा फोटू दाखवा."

तो नव्हता. दुसऱ्या दिवशी नेला. बुंध्याजवळ वाळलेलं थोटूक होतं, त्यावर डिंकाचे जुने डाग, आणि त्याच्या खालून निघालेल्या दोन फांद्यांचं मिळून हे झाड झालेलं.

"तुमची मोसंबी मेली, खुंट जगला. ही जांबेरी हाय. आता गूळ घाला नायतर साखर घाला."

मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, जांबेरीच्या रोपावर बांधतात; खालच्या त्या रोपाला खुंट म्हणतात. जांबेरी म्हणजे तेच खडबडीत सालीचं लिंबू. भारी काळ्या मातीत पाणी बुंध्याशी साचलं की डिंक्या येतो, साल कुजते, डिंक गळतो आणि वरचं कलम वाळतं. खालचा खुंट कणखर, तो नवी फूट काढतो, आणि घरचे लोक वर्षानुवर्षं त्यालाच मोसंबी समजून पाणी घालतात. अ‍ॅपचं नाव बरोबर होतं. ते नाव असं का आलं, हे सांगायला मामाच लागले. नवं कलम लावताना त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून ठेवलंय: डोळा बांधलेली जागा जमिनीपासून वीतभर तरी वर राहिली पाहिजे, आळं दुहेरी करायचं, म्हणजे आतल्या कड्यात बुंधा कोरडा आणि बाहेरच्या कड्यात पाणी, पावसाळ्याच्या तोंडाशी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायची. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लोखंडी बादलीत कालवायची नाही, प्लास्टिकच्या टोपल्यात.

असंच एक गुलाबाचंही निघालं. पानं भरपूर, फूल नाही, फांद्या वेलीसारख्या पळतात. तोही खुंटच. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट दिसली की लगेच मुळातून काढायची, नाहीतर वरचा गुलाब उपाशी मरतो.

पैशाच्या अ‍ॅपकडं परत येतो, कारण त्याची जाहिरातच 'झाडाचा डॉक्टर' अशी असते. पायरीशी अनंत आहे. त्याची नवी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्यागार. फोटो दिला. निदान: पाणी जास्त झालं. पाणी कमी केलं तर कळ्या गळायला लागल्या. मेडिकलवाला असल्यामुळं रक्त तपासल्याशिवाय माझा निदानावर विश्वास बसत नाही, म्हणून माती तपासून घेतली. सामू, म्हणजे पीएच, आठच्या पुढं, चुनखडी भरपूर. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. नव्या पानांवर आधी दिसतं ते हेच. त्यात आमच्या बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरणारं. अनंताला आंबटसर माती लागते. म्हणून त्याला जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत घेतलं, माती-शेणखत-कोकोपीट घातलं, गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच देतो. शिवाय हिराकसची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, फवारणी: लिटरभर पाण्याला 5 ग्रॅम हिराकस, त्यात अडीच ग्रॅम चुना, ऊन उतरल्यावर. नवी पालवी हिरवी आली. यातलं काहीही अ‍ॅपनं सुचवलं नव्हतं. त्याला आमची माती कुठली हेच माहीत नाही आणि ते विचारतही नाही.

त्याच्या सूचना तर बघण्यासारख्या. 'आज पाणी द्या' असा निरोप जुलैच्या झडीत येतो, बाहेर चिखलात चप्पल रुतत असताना. काळ्या मातीचा स्वभावच वेगळा. वरून भेगा पडलेल्या दिसतात आणि चार बोटं खाली ओल असते. दिवस मोजून पाणी घालायचं गणित तिथं चालत नाही. बोट घालून बघायचं, माती बोटाला चिकटली तर थांबायचं. 'सहा तास थेट ऊन' हेही तसंच. कुठलं ऊन? मे मध्ये पारा 43-44 ला जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीशी सहा तास बोगनवेल आणि अडेनियम उभी राहतील, अनंत करपून जाईल. आमच्याकडं नाजूक झाडाला पूर्वेचं, सकाळी दहापर्यंतचं ऊन द्यायचं आणि पुढं आडोसा. मोगऱ्याला ते म्हणतं फुलं संपल्यावर छाटा. इथली रीत अशी की थंडीत पाणी तोडायचं, संक्रांतीच्या सुमारास छाटायचं, पानं झटकून शेणखत द्यायचं आणि मग पाणी सुरू. मार्चपासून कळ्या. आमच्या गल्लीत सगळ्यांचा मोगरा असाच फुलतो.

एका ठिकाणी दोन्ही अ‍ॅपं जिंकली, तेही सांगतो. शेवंतीच्या वाफ्यात कातरलेल्या पानांची रोपं फार जोमात आली होती आणि बायको त्यांना मनापासून पाणी घालत होती. दोघांनीही न अडखळता सांगितलं: गाजरगवत. भारतात ते पहिल्यांदा 1955 मध्ये पुण्यात दिसलं, आणि आता आमच्या गल्लीत रिकामा प्लॉट असा नाही जिथं ते नाही. फूल येण्याआधी, हातमोजे घालून उपटा. कातडीला खाज सुटते, पुरळ येतं, मलम घ्यायला लोक माझ्याकडंच येतात.

आता जरा कडक बोलतो. अ‍ॅपनं सांगितलं म्हणून काहीही तोंडात घालू नका. फाटकाशी पिवळ्या घंटेसारख्या फुलांचं झाड होतं; ती बिट्टी निघाली. तिची बी हृदयावर परिणाम करते, जीवघेणी आहे. लाल-गुलाबी कण्हेरही विषारीच. अ‍ॅपवर विषारी असल्याची खूण असलीच तर कोपऱ्यात, बारीक. घरात रांगतं पोर असेल तर ती खूण शोधत बसू नका, आधी झाडाला कुंपण घाला. गुळवेलीचीही तीच गोष्ट. कोरोनात घरोघर काढा उकळला गेला. तिच्यासारखीच हृदयाकृती पानांची एक जातभाई वेल आहे, तिच्या खोडावर ठळक गाठी-फोड असतात, ती औषधी नव्हे. नुसत्या पानाच्या फोटोवर या दोघी वेगळ्या करणं अवघड. आणि खरी गुळवेल असली तरी यकृताचा त्रास झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये केली आहे. काउंटरवर मला कुणी फोनमधला फोटो दाखवून "घेऊ का?" विचारलं तर माझं उत्तर नाही असंच असतं.

रोपवाटिकेबद्दलही दोन शब्द, कारण नाव कळलं की पुढची खरेदी तिथं. मामा सकाळीच असतात. दुपारी गल्ल्यावर एक पोरगा असतो, त्याला विचाराल तर प्रत्येक झाड 'शोचं' आणि प्रत्येक फूल 'बारमाही'. आता मी फोन घेऊन जातो आणि पिशवीतल्या रोपाचा तिथंच फोटो काढतो. पोरगा वैतागतो, पण दोनदा 'नवीन आयटम' म्हणून सांगितलेलं साधं तगर निघालं. बरीच रोपं राजमुंद्रीकडून, कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकनं येतात. मुळाशी लाल मातीचा गोळा, हवा समुद्राकाठची दमट. तसंच्या तसं आमच्या काळ्या मातीत ठेवलं की गोळा एकीकडं आणि माती एकीकडं. मुळं बाहेर यायला बघत नाहीत. मामांचं म्हणणं, आणल्यावर आठ-दहा दिवस पिशवीतच सावलीला ठेवा. मग गोळ्याची कड बोटांनी सैल करा, खड्ड्यातली निम्मी काळी माती काढून पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळा, रोप जमिनीपेक्षा थोडं उंचवट्यावर लावा. तसं लावलेलं बहुतेक जगलंय.

जातीचं विचाराल तर तिथं कुठलंच अ‍ॅप पोचत नाही. भेंडीला ते भेंडी म्हणेल, पण ती परभणी क्रांती आहे की आणखी कुठली, हे नाही सांगणार. आणि पिकवणाऱ्याला तर तेच हवं असतं, कारण परभणी क्रांतीवर पानं पिवळी पाडणारा केवडा रोग कमी येतो म्हणून तर आपण ती लावतो. आंब्याचंही तसंच; केशर की गावरान हे फळ हातात आल्याशिवाय फोन सांगू शकत नाही. यासाठी आमच्या गावातच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. 18 मे ला त्यांचा वर्धापन दिन, त्या दिवशी खरिपाचा मेळावा भरतो, बियाणं मिळतं. गर्दी शेतकऱ्यांची असते, पण कुंडीवाल्यांनी जायला हरकत नाही. आपलं झाड आणि आपली माती पिशवीत घालून न्यावी, लोक बोलतात.

गुण द्यायचे तर नाव काढण्यासाठी प्लांटनेटला पाचपैकी चार. फूल-फळ असताना साडेचार. झाड जगवण्यासाठी शून्य, पण ते तसा दावाही करत नाही. पैशाच्या अ‍ॅपला नावासाठी अडीच, सल्ल्यासाठी एक, तोही गाजरगवताचा. रोपवाटिकेला मामा असताना चार, पोरगा असताना दोन. आईला गुण देण्याइतकी माझी हिंमत नाही.

ज्यांनी सात दिवस फुकट म्हणून ते पैशाचं अ‍ॅप आधीच घेतलंय त्यांच्यासाठी: फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअर उघडा, आपल्या फोटोवर दाबा, पेमेंट आणि सदस्यत्व असं लिहिलंय तिथं जा आणि रद्द करा. मुदत संपायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका.